१६ पावलांवरून दोरी सैल केली. ११ दिवस धनुष्यबाण घेऊन एल्क हरणाच्या मागे, आणि रिकाम्या हाताने घरी. बरोबर केलं का?

रामबागकर (इंदूर, सध्या कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात सुट्टीवर इंदूरला घरी आलो. सामान अजून गाडीतून उतरवत होतो तेवढ्यात आत्याचा फोन: "काय रे, झाली का शिकार?" मग समोरचे काका, मग दूधवाला. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगा धनुष्यबाण घेऊन अमेरिकेच्या डोंगरात गेलाय. मी सगळ्यांना "नाही मिळालं" एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण घडलं ते एवढंच नाही. आणि पूर्ण सांगायला लागलो की समोरचा तिसऱ्या वाक्याला चहाचा कप उचलतो. म्हणून इथे लिहितोय. लांब होईल, चालवून घ्या.

मी ४४ वर्षांचा. नऊ वर्षं नोकरीनिमित्त डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. धनुष्य मात्र मी तिकडे शिकलो नाही. १९८० च्या दशकात बाबा जोबटजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. तेव्हा तो झाबुआ जिल्हा होता, अलीराजपूर वेगळा झाला २००८ मध्ये. मी तिसरीत असताना बाबांच्या एका भिल्ल विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला माझ्या मापाचा कामठा करून दिला. बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. त्यांचा थोरला मुलगा मला बांधावर उभं करून शिकवायचा. अंगठा लावायचा नाही, बोटांनी ओढायचं. बाणाकडे बघायचं नाही, जिथे लागायला हवा तिथलं एक पान निवडायचं आणि त्या पानाकडेच बघायचं. पुढे आम्ही इंदूरला आलो आणि कामठा माळ्यावर गेला.

चार वर्षांपूर्वी तिकडे आमच्या गल्लीतल्या एका सुताराच्या गॅरेजमध्ये लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, टांगलेलं दिसलं. तो आता ६१ वर्षांचा आहे आणि तीस वर्षं असंच साधं धनुष्य वापरतो. चाकांचं कंपाउंड धनुष्य नाही, नेमाची खूण नाही, अंतर मोजायचं यंत्र नाही. त्याने माझ्या हातात दिलं, मी ओढलं, आणि बोटं आपोआप त्या बांधावरच्या जागी गेली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ३० बाण. शिकाऱ्यांसाठीचा शिक्षणवर्ग केला, कोलोरॅडोत त्याच्या दाखल्याशिवाय परवाना मिळत नाही. पाच पावलांपासून सुरुवात करून माझी मर्यादा मी २० पावलं ठरवली, कारण त्यापलीकडे जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात माझे पाचपैकी पाच बाण जात नाहीत. कंपाउंडवाले ४०-५० पावलांवरून सोडतात. आपल्याला ते नाही.

ज्यांना एल्क माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या सांबराचा आणि काश्मीरच्या हंगुलचा थोरला भाऊबंद. नर ३०० किलोच्या पुढे जातो. सप्टेंबरात माजावर येतो, आणि तिथे धनुष्याचा हंगामही तेव्हाच असतो, २ ते ३० सप्टेंबर. त्याची हाक ऐकल्याशिवाय कळायची नाही. आधी पोटातून घोगरा आवाज, मग तो चढत चढत एकदम बारीक तीक्ष्ण शीळ होतो आणि शेवटी दोन-तीन हुंकार. पहाटे साडेचारला तंबूत पडल्यापडल्या पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. एवढ्या दांडग्या देहातून इतका बारीक सूर!

मी आणि तो सुतार, आम्ही दोघं कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला सरकारी जंगलात ११ दिवस होतो. उंची दहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या पचमढीच्या धूपगडच्या दुपटीहून जास्त. पहिले दोन दिवस जिना चढल्यासारखा दम लागायचा. रात्री बाटलीतलं पाणी गोठायचं. ११ पैकी ८ दिवस हाका ऐकल्या, ५ दिवस जनावर डोळ्यांनी दिसलं, दोनदा ४० पावलांच्या आत आलो. दोन्हींपैकी पहिल्यांदा मानेमागे झुळूक लागली आणि मादी धूळ न उडवता नाहीशी झाली. एल्क डोळ्यांना फसतो, कानांनाही फसतो, नाकाला कधी नाही. सकाळी ऊन लागलं की हवा डोंगर चढते, संध्याकाळी थंड होऊन उतरते, आणि मधल्या तासाभरात तिचा भरवसा नसतो. खिशात बारीक भुकटीची बाटली होती. दर पाच मिनिटांनी एक फुंकर, आणि ती कुठे वाहते ते बघायचं.

आता सातवा दिवस.

संध्याकाळचे सहा चाळीस. हवा खाली उतरायला लागलेली, माझ्या तोंडावर. मी फरच्या एका पडक्या झाडाच्या खोडाआड गुडघ्यावर. सुतार माझ्यामागे साठेक पावलांवर बसून मादीचा आवाज काढतोय, मांजरीच्या म्याँवसारखा. हेतू हा की नर त्या मादीच्या शोधात मला ओलांडून जाईल. वरून हाक आली, उत्तर दिलं, परत हाक, जवळून. मग नुसती फांद्या मोडल्याचा आवाज. आणि मग तो आलाच. दोन्ही शिंगांना पाच-पाच फाटे, पोटाखालचा सगळा केस चिखलात लोळून काळा झालेला, तो चिखल अर्धा वाळून त्याला भेगा पडलेल्या. आधी वास आला. घोड्याच्या तबेल्यासारखा, त्याहून उग्र. नाकातून वाफ. डाव्या कानाच्या टोकावर एक माशी बसायची, तो कान झटकायचा, ती परत बसायची.

१६ पावलं. नंतर मोजली.

पण तो माझ्याकडे तोंड करून उभा. छाती सरळ माझ्यावर. मी हलू शकत नव्हतो. मनात आकडे मोजत होतो, ९० च्या पुढे गेल्याचं आठवतं. मग त्याने डोकं वळवलं, ते एका फरमागे गेलं आणि मी ओढलं. ओढ पूर्ण झाली, बोट गालाला टेकलं. तो अर्धा वळला, तिरपा, खांदा माझ्याकडे. जिथे बाण जायला हवा ती जागा, पुढच्या पायाच्या मागची, एका अॅस्पनच्या बुंध्याने झाकलेली. दिसत होतं ते खांद्याचं हाड. ओढायला ५० पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याचा बाण त्या हाडात अडकू शकतो. जनावर बाण घेऊन दोन डोंगर पलीकडे जाऊन कधीतरी मरेल आणि आम्हाला सापडणार नाही, हे मला दिसत होतं. एक पाऊल पुढे टाक, एवढंच मी मनात म्हणत होतो. एकच पाऊल.

कंपाउंड ओढून धरलं की हातावर थोडंच वजन उरतं. साध्या धनुष्यात सगळं वजन बोटांवर. सहा-सात सेकंदांनी खांदा थरथरायला लागला. बाणाचं टोक मला हलताना दिसलं. मी दोरी हळू सैल केली.

ती हालचाल त्याने पाहिली. कुत्र्यासारखं एकदाच भुंकला, वळला, साठेक पावलांवर जाऊन उभा राहिला, मागे बघितलं आणि चालत गेला. धावला नाही. बुंध्याशी कपाळ टेकवून मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही.

सुतार आला, काही बोलला नाही, फक्त माझ्या हातातलं धनुष्य घेतलं, कारण माझी बोटं उघडत नव्हती.

उरलेले चार दिवस गारठ्याचे, पावसाचे. परत एवढ्या जवळून काहीच नाही. अकराव्या दिवशी उतरताना पाठीवर मांस वाहायची चौकट होती आणि तिच्यात मांसासाठी नेलेल्या पाच कापडी पिशव्या, दुकानातल्या घडीतच. बायकोने घरी फ्रीझरचा अर्धा भाग रिकामा करून ठेवला होता. दार उघडून मी तिला ते बंद करायला सांगितलं.

इंदूरला येताना भात्यातला एक बाण घेऊन आलो, टोक काढून. तोच, जो त्या वेळी दोरीवर होता. खंडेनवमीला आईने पूजा मांडली: बाबांचं फाउंटन पेन, तिची शिवणाची कात्री, माझा लॅपटॉप, आणि माळ्यावरून उतरवलेला तो लहान कामठा. त्याच्याशेजारी तिने हा बाण ठेवला, हळदकुंकू लावलं आणि मला विचारलं, "हा कुणाला लागला होता?" मला उत्तर देता आलं नाही.

तर ज्यांनी साध्या धनुष्याने मोठ्या जनावरामागे दिवस काढले आहेत त्यांना विचारायचंय. तोंड समोर असताना ओढायचं केव्हा? मी उशीर केला की घाई? बसलो होतो ती जागाच चुकली का? आणि हेही सांगा, दोरी सैल केली ते बरोबर होतं का. आज २० दिवस झाले, रात्री डोळे मिटले की तो कान झटकताना दिसतो.

---

दांडिया बाजार ते बोझमन

रामबागकर, मी मूळची वडोदऱ्याची, आता मोंटानात. धनुष्याने १४ हंगाम झाले, त्यातली शेवटची ९ वर्षं लाँगबो, म्हणजे लांब सरळ साधं धनुष्य. या १४ हंगामांत दोन एल्क. बाकीची बारा वर्षं मी तुमच्यासारखीच घडीच्या पिशव्या घेऊन उतरले आहे, तेव्हा जे लिहिते ते त्या बारा वर्षांतलं समजा.

सैल केलंत ते बरोबर. त्यावर दुसरा विचार करू नका. खांदा पुढे करून तिरपा उभा असलेला नर म्हणजे साध्या धनुष्याला बंद दार. मी तिसऱ्या वर्षी अशाच कोनात बाण सोडला. टोक हाडात दोन बोटं गेलं असेल. आम्ही पावणेदोन दिवस माग काढला, आधी थेंब, मग एखाद्या पानावर पुसट डाग, मग काहीच नाही. तो नर जगला की मेला मला आजही माहीत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर तो कान झटकतोय ना? माझ्यासमोर ते पान येतं. तुमचं बरं आहे.

आता चूक कुठे झाली ते. तुम्ही आवाज काढणाऱ्याच्या आणि नराच्या बरोबर मधल्या रेषेत बसलात. नर आवाजाकडे बघत येतो, म्हणजे तुमच्याकडेच बघत येतो. छाती समोर येणारच, दुसरं काही होऊ शकत नाही. पुढच्या वेळी त्या रेषेपासून वाऱ्याखालच्या बाजूला १५-२० पावलं सरकून बसा. माजावरचा नर बहुतेक वेळा थेट येत नाही, वळसा घालून वारा नाकावर घेत येतो. त्या वळशाच्या आत तुम्ही असलात तर तो तुमच्यासमोरून आडवा जाईल.

दुसरं, खोडाआड बसू नका, खोडासमोर बसा. पाठीला झाड असलं की तुमचा आकार त्यात विरून जातो आणि हाताला मोकळी जागा राहते. आड बसलं की ओढायला वर यावं लागतं.

आणि ओढायची घाई झाली, हो. डोकं झाडामागे गेलं म्हणून तुम्ही ओढलं. पण त्या वेळी बाणाची जागा मोकळी नव्हती. डोळा झाकलेला आणि फासळी उघडी, दोन्ही एकदम हवं. एकच असेल तर थांबायचं. तो तुम्हाला ओलांडून गेला आणि पाठमोरा तिरपा झाला की बाण शेवटच्या फासळ्यांतून पुढे फुप्फुसात जातो आणि त्याचा डोळाही तुमच्यावर नसतो. मला मिळालेले दोन्ही एल्क जाताना मिळाले, येताना नाही.

तुमच्या मित्रालाही सांगा, नर थबकला की त्याने बसून राहायचं नाही. तोंड मागे करून, हळूहळू दूर जात आवाज काढायचा. मादी निघून चालली असं वाटलं की नर ते एक पाऊल टाकतो. तुम्ही मनात मागत होतात तेच.

---

तीरंदाज नाशिक

शिकारीतलं मला कळत नाही, मैदानावरचा माणूस आहे. पण खांदा सातव्या सेकंदाला थरथरला यावर बोलू शकतो.

धनुष्यावर ५० पौंड लिहिलं असेल तर ते २८ इंच ओढीवरचं असतं. तुमची ओढ किती? दर इंचाला साधारण दोन-अडीच पौंड कमी-जास्त होतात. स्प्रिंगच्या काट्याने एकदा मोजून घ्या. दुसरं, रोज ३० बाण उभं राहून मारलेत ना? गुडघ्यावर बसलं की पाय आणि कंबर मदत करत नाहीत, सगळं पाठीवर येतं. त्यात थंडी, त्यात दीड-दोन मिनिटं एका स्थितीत गोठून राहिलेलं अंग. बाण न लावता नुसतं ओढून १५ सेकंद धरा, हळू उतरवा, अर्धा मिनिट थांबा, असं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस. दोरी रिकामी सोडायची मात्र कधीच नाही, धनुष्याचे हात तडकतात. दोन महिन्यांत सातचे बारा सेकंद होतील. आणि तरी थरथरलंच तर पाच पौंड हलकं धनुष्य घ्या, त्यात कमीपणा नाही.

---

पाऊलवाट

रागावू नका, पण मला बाण सुटला नाही याचाच आनंद झाला. मीसुद्धा इंदूरचीच. दर वर्षी कान्हाला जाते. तुम्ही ज्या बारकाईने त्या कानावरची माशी पाहिलीत, ते वाचताना मला वाटलं हा माणूस त्या जनावरावर प्रेम करतो. मग मारायचंच कशाला? १६ पावलांवरून फोटो मिळाला असता. मनापासून विचारतेय, भांडायला नाही.

---

लष्कर ग्वाल्हेर

चिरंजीव रामबागकर, वय ७६, म्हणून चिरंजीव म्हणतो.

आमचं घराणं ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीतलं. माझ्या आजोबांच्या पिढीने शिवपुरीच्या जंगलात पुष्कळ शिकार केली. वडिलांनी १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर बंदूक भिंतीवर टांगली ती कायमची. मी लहानपणी दोन-तीनदा हाक्याला गेलेलो आहे. मचाणावर बंदूकवाले, आणि समोरून शंभर-दीडशे हाकारे डबे, ढोल वाजवत जंगल पुढे ढकलत आणायचे. जनावराला जायला वाट एकच, मचाणाखालची. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही. तशी सोयच नव्हती.

मी नऊ वर्षांचा असताना एका पाहुण्याने संध्याकाळी उशिरा, उजेड कमी असताना, सांबरावर गोळी झाडली. पोटात लागली. रात्री कोणी मागावर गेलं नाही, वाघाची भीती. सकाळी गेलो. दुपारी ते नाल्यात सापडलं तेव्हा जिवंत होतं. पुढे काय केलं ते लिहीत नाही. वडील परत येताना जीपमध्ये एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. पाहुणा मात्र पंगतीला बसून दोनदा वाढून घेत होता, हे मला ६७ वर्षांनंतरही दिसतं.

तुम्ही दोरी उतरवलीत हे माझ्या वडिलांना सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. आपल्या तीर्थरूपांना माझा नमस्कार सांगा. आणि आईने विचारलं ना, बाण कुणाला लागला? त्यांना सगळं सांगा, जसं इथे लिहिलंत तसं. बायकांना हे आपल्यापेक्षा चटकन समजतं.

---

रामबागकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एकेकाला उत्तर देतो.

बोझमनकर ताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावला आहे. "येताना नाही, जाताना" हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुतार स्वतः बहुधा पाणवठ्यावर बसून शिकार करतो, आवाज काढून बोलावणं त्यालाही थोडं नवीन. त्याला फोन करून मागे सरकत आवाज काढायचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की त्या दिवशी तो पाय आखडून एका जागी बसून होता आणि त्यालाही तेव्हापासून तेच टोचतंय. मला वाटत होतं दुःख माझ्या एकट्याचं आहे. तुमच्या त्या तिसऱ्या वर्षाबद्दल लिहिलंत, ते सोपं नसणार.

तीरंदाज, काटा सापडला नाही, पण ओढ मोजली. २७ इंच. म्हणजे मी ४७-४८ च धरत होतो आणि तरी थरथरलो. गुडघ्यावर बसून सराव केला नव्हता हे अगदी खरं. वजन वाढवायचा विचार होता, तो सोडला.

पाऊलवाट, रागावलो नाही. हा प्रश्न बायकोनेही विचारला होता आणि मी तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं, तर आता देतो. आमच्या घरी मटण शिजतं. लहानपणापासून खातो, आणि ४० वर्षं झाली, ज्याचं खाल्लं त्याच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही. एक एल्क म्हणजे आमच्या चौघांचं वर्षभराचं मांस, आणि तिथला कायदाच असा की खाण्याजोगं मांस जंगलात टाकून आलात तर गुन्हा. ते मला पटतं. खायचं तर त्याच्यासाठी पाय झिजवावेत, थंडीत कुडकुडावं, आणि मिळालं नाही तर रिकामं यावं.

तुम्ही कान्हाला जाता, म्हणून हेही लिहितो. १९७० मध्ये कान्हात बारासिंगे ६६ उरले होते. शिकार पूर्ण बंद, गावं हलवली, गवताळ मैदानं राखली, कुंपणाआड पैदास केली, तेव्हा ते वाचले आणि आज आपल्या राज्याचा प्राणी म्हणून मिरवतात. कोलोरॅडोतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क जवळजवळ संपले होते, बाजारासाठी बेछूट मारून. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून एस्टेस पार्कला सोडावे लागले. आज अख्ख्या कोलोरॅडोत अडीच लाखांच्या वर आहेत. तिथे मात्र राखण्याचा खर्च बराचसा परवान्यांच्या पैशातून निघतो, आणि धनुष्य-बाणाच्या विक्रीवरही त्यासाठीच केंद्राचा कर आहे. दोन्ही रस्ते आपापल्या मातीतले. आपल्याकडे शिकार उघडावी असं मी कधीही म्हणणार नाही, ६६ चा आकडा विसरता येत नाही. फोटोचं म्हणाल तर, कॅमेरा हातात असता तर मी कदाचित पाच मिनिटांत फोटो काढून उठलो असतो. त्या नव्वद आकड्यांत मी जितका जागा होतो तितका आयुष्यात क्वचितच असेन. तुम्हाला पटेलच असं नाही. विचारलंत हे आवडलं.

आजोबा (लष्कर ग्वाल्हेर), नमस्कार. काल रात्री जेवणं झाल्यावर तुमचा प्रतिसाद आई-बाबांना वाचून दाखवला. नाल्यापाशी आल्यावर बाबांनी चष्मा काढला. मग मी सातवा दिवस पहिल्यापासून सांगितला, वास, चिखल, माशी, सगळं. आईने मधेच विचारलं, "मग तुझा हात दुखला असेल?" आणि उठून बाम घेऊन आली, इतक्या दिवसांनी. बाबा फक्त एवढंच म्हणाले की भगोरियाच्या जत्रेत त्या थोरल्या मुलाने एकदा त्यांना सांगितलं होतं, मास्तर, तुमच्या पोराचा बाण पोचत नाही अजून, पण तो पान बरोबर निवडतो. हे त्यांनी मला पस्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

गच्चीवर जुन्या गादीत भुसा भरून १६ पावलांवर ठेवली आहे. इथे धनुष्य नाही, तर गुडघ्यावर बसून सायकलच्या ट्यूबवर ओढ धरायचा सराव. बाबा खुर्ची टाकून मोठ्याने सेकंद मोजतात. पहिल्या दिवशी आठ, आज नऊ. शेजारच्या गच्चीवरची मुलं त्यांच्याबरोबर मोजायला लागली आहेत.

परवा पहाटे सहाला आम्ही दोघं धारमार्गे जोबटला निघतोय. कामठ्याची दोरी वाळून तुटली आहे, आणि बांबूच्या सालीची दोरी इंदुरात कुणी बसवून देत नाही. तो थोरला मुलगा आता पन्नाशीचा असेल. बाबांच्या जुन्या वहीत गावाचं आणि फळियाचं, म्हणजे वस्तीचं, नाव सापडलं, घराचं नाही, विचारत विचारत जाऊ. तो बाण बरोबर घेतो आहे.